‘फनेल हिल’ : कर्नाळ्याच्या एका इंग्रजी नावाचा अर्थ आणि वापर

पनवेलनजीकच्या करंजाडे गावाच्या आसमंतातून दक्षिणेकडे दृष्टी टाकली असता डोंगरमाथ्यावर उभा असलेला एक काळा सुळका नजरेत भरतो. हा कर्नाळा किल्ला होय. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी लेखनात याच डोंगराचा उल्लेख ‘फनेल हिल’ या नावाने वारंवार येतो. 1882 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरातही ‘कर्नाळा’ या नावासोबत हे दुसरे नाव नोंदलेले आहे. मराठी इतिहासग्रंथांत या नावाची दखल क्वचितच घेतली गेली. घेतली गेली तीही साहेबांनी दिलेले एक गमतीचे टोपणनाव एवढ्यापुरतीच. वस्तुतः हे नाव पाहणाराची जागा सांगणारे आहे, आणि त्यातच त्याचे ऐतिहासिक मोल आहे.

प्रथम अर्थाचा विचार करू जाता एक अडचण उभी राहते. ‘फनेल’ या शब्दाचा रूढ अर्थ नरसाळे. स्वयंपाकघरात तेल ओतताना नरसाळ्याचे रुंद तोंड वर आणि नळी खाली असते. कर्नाळ्याची आकृती याच्या नेमकी उलट आहे. आगबोटीच्या धुरांड्यासही इंग्रजीत ‘फनेल’ म्हणतात. त्यावरून हे नाव धुरांड्याच्या साम्यावरून पडले असावे, अशी कल्पना सहज सुचते. तथापि ही कल्पना पुरेशी नाही. धुरांड्याशी साम्य आहे ते केवळ सुळक्याचे; नाव मात्र सुळक्यास नसून ‘हिल’ला, म्हणजे संबंध डोंगरास दिलेले आहे. शिवाय मुंबईत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुएझकडे निघाली ती 1830 मध्ये. त्यापूर्वी या बंदरात शिडांच्या जहाजांचेच राज्य होते. याउलट, खाली रुंद होत गेलेला डोंगर आणि वर निघालेली सरळ नळी असे सारे चित्र एकत्र घेतले की पालथे घातलेले नरसाळे डोळ्यांपुढे उभे राहते. हाच अर्थ अधिक युक्त वाटतो.

परंतु डोंगर आणि सुळका यांची अशी एकच आकृती दिसण्यास अंतर लागते. गडावर चढून गेलेल्या माणसास नरसाळे दिसणे शक्य नाही. तेथे सुमारे सव्वाशे फूट उंचीचा तो बसाल्टचा खांब स्वतंत्रपणे अंगावर येतो. पायथ्याच्या लोकांनी त्या खांबासच वेगळे नाव दिले. ‘पांडूचा बुरूज’ हे ते नाव गॅझेटिअरकारांनीही टिपून ठेवले आहे. अलीकडे ‘अंगठा’ असेही म्हणतात. ही नावे जवळच्या माणसांची आहेत. ‘फनेल हिल’ हे दुरून, आणि तेही पश्चिमेकडील समुद्रावरून पाहणाराचे नाव आहे. मुंबई बंदरात शिरणाऱ्या नाविकास पूर्वेस प्रथम घारापुरी आणि उरणजवळील करंजाच्या टेकड्या लागत. त्यांच्यामागे क्षितिजावर हा डोंगर. सभोवतालच्या सपाट माथ्यांच्या रांगेत त्याच्या आकृतीविषयी घोटाळा होणे नाही, म्हणून दिशा ठरविण्यास ती खूण सोयीची होती. तुर्भ्याच्या टेकडीस ‘नीट्स टंग’, म्हणजे बैलाची जीभ, आणि मलंगगडास ‘कॅथीड्रल रॉक’ ही नावे याच आकृतिवाचक जातीची होत.

(येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पोर्तुगीज व जुन्या इंग्रजी कागदांतील ‘करंजा’ म्हणजे उरणचे बेट. 1782 च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडे राहिलेले करंजा ते हेच. नावातील साम्यावरून त्याची सांगड करंजाडे गावाशी घालता येणार नाही.)

राजकीय व्यवहारात मात्र नरसाळ्याचा मागमूस नाही. 1665 च्या पुरंदरच्या तहात मोगलांस दिलेल्या तेवीस किल्ल्यांत नाव येते ते कर्नाळ्याचे. शिवाजी महाराजांनी 1670 मध्ये परत घेतला तो कर्नाळा, आणि 1818 च्या आरंभी कर्नल प्रॉथरच्या फौजेने जिंकला तोही कर्नाळाच. मुलकी दप्तरातही हेच नाव चालले. पनवेल, उरण व कर्नाळा हे भाग 1883 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते व पुढे कुलाब्यात आले, अशी जी नोंद मिळते तीत किल्ल्याचे नाव भोवतालच्या मुलखासही लागू झालेले दिसते. ज्या नावाने सारा वसूल होतो ते नाव सरकारास बदलणे परवडत नाही. म्हणूनच एकाच इंग्रजी सत्तेखाली एका डोंगराची दोन नावे सुखाने नांदली : कचेरीत एक, जहाजावर दुसरे.

पुढे यांतील दुसरे लोपले. ते कोणी मुद्दाम पुसल्याचे दिसत नाही. त्याची गरजच सरत गेली. 1867 मध्ये खांदेरीवर व 1875 मध्ये कुलाब्याच्या दक्षिणेस प्राँग्ज खडकावर दीपगृह उभे राहिले, आणि दूरच्या डोंगरखुणांवरचा भार हलका झाला. या संदर्भात खंडाळ्याच्या ‘ड्यूक्स नोज’चे उदाहरण उद्बोधक आहे. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकावरून पडलेले हे नाव ‘नागफणी’ या मराठी नावाबरोबर आजही गिर्यारोहकांच्या तोंडी आहे; कारण ज्या घाटरस्त्यावरून व लोहमार्गावरून ते नाक दिसते, तेथून लोक अजून जातात. फनेल हिलचा प्रेक्षक समुद्रावर होता. आज कर्नाळा पाहणारा पनवेलहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावरून, म्हणजे डोंगराच्या थेट पायथ्यालगत जातो, आणि त्यास दिसतो तो सुळका.

1968 मध्ये किल्ल्याभोवतालच्या रानात पक्षी अभयारण्य स्थापन झाले, ते कर्नाळा याच नावाने.