पाटणचा शिलालेख आणि मामांची पांढर

गेल्या दिवाळीत पारोळ्याला गेलो होतो. भरीत आणि कळण्याची भाकरी झाली आणि ओट्यावर गप्पा रंगल्या. बोलता बोलता मी मामांना म्हटलं, "आपल्याच जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण्याला शहामृगाच्या अंड्याचं कवच सापडलंय. पंचवीस हजार वर्षांपूर्वीचं. वर माणसानं कोरलेली नक्षी!"

मामा हसले. "काय सांगी ऱ्हायना रे तू? आठे शहामृग?"

झालं! मी लगेच वाचलेलं ओकायला सुरुवात केली. १९७२-७३ चं एस. ए. साळींचं उत्खनन, त्यांचा १९८९ चा डेक्कन कॉलेजने काढलेला इंग्रजी ग्रंथ, उत्तर पुराश्मयुग, रेडिओकार्बन कालमापन... मामांचा चेहरा कोरा. आम्ही सॉफ्टवेअरवाले युजरला एरर कोड दाखवून मोकळे होतो ना, तसलाच हा प्रकार.

मग जरा थांबलो. म्हटलं, "मामा, चुलीतल्या राखेची ऊब बघून चूल कधी विझली ते मामी सांगते की नाही? तसंच. जीव गेला की त्यातला एक प्रकारचा कार्बन ठरावीक वेगाने कमी होत जातो, साधारण ५,७०० वर्षांत निम्मा. या कवचात तो विसाव्या हिश्श्याच्या आसपास उरला होता."

हे त्यांना पटलं. आणि खरं सांगायचं तर शहामृगाबद्दलची त्यांची शंका काही अडाणी नव्हती. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांनी भारतात सापडलेल्या जुन्या कवचातला डीएनए तपासला, तेव्हा तो आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला. म्हणजे मामांचा प्रश्न प्रयोगशाळेतही विचारला गेला होता!

तर सांगायचा मुद्दा असा, की याच पाटण्याला, देवीच्या देवळात, शके ११२८ चा (इ. स. १२०७ च्या सुमाराचा) एक शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये तो विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला, त्याचा हा लेख. भास्कराचार्यांचं घराणं, यादव राजे, निकुंभ सामंत, सगळं संस्कृत श्लोकांत. पण शेवटी, बाजारातल्या मालावर मठासाठी काय द्यायचं, घाण्यामागे तेल किती, हे आलं की लेख चक्क मराठीत उतरतो. कारण उघड आहे. तेल तेल्याने द्यायचं होतं. ज्याच्याकडून काही हवंय, त्याच्याशी त्याच्याच भाषेत बोलायला हवं, एवढं त्या पंडितांना कळत होतं.

आज संशोधकांनाही मामांकडून काही हवं आहेच की. गावाजवळची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची राखाडी माती, पिकाला चांगली म्हणून शेतकरी ट्रॉल्या भरभरून शेतात नेतात. खापरं, हाडं, जळके दाणे, सगळं त्याबरोबर जातं. एकदा थर विस्कटला की पुढे कुठलाही शास्त्रज्ञ आला तरी तो परत लावता येत नाही. बॅकअप नाही!

निघताना मामा म्हणाले, "आपल्या पांढरीतही खापरं निघतात रे. लाल, वर काळ्या रेघा. मी बांधावर फेकून देतो."

पंचवीस हजार वर्षांच्या गप्पा मारल्या, आणि नेमकं हेच सांगायचं राहिलं होतं. मग परत ओट्यावर बसलो. बस चुकली. असो.