रणभूमीवरून दाताच्या मुळापर्यंत: एका द्रावणाचा प्रवास

रूट कॅनाल करताना दंतवैद्य दाताच्या पोकळीत पिचकारीने जे द्रावण सोडतात, त्याचा वास ओळखीचा वाटतो. कारण ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे घरातल्या ब्लीचचेच भावंड असते. #थ्रेड

18व्या शतकाच्या उत्तरार्धात बेर्तोले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या संशोधनातून पॅरिसजवळच्या झावेल येथे क्लोरीनयुक्त द्रावण तयार होऊ लागले. हेतू एकच: कापड पांढरे करणे.

पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांच्या जखमा चिघळत, हातपाय कापावे लागत. कार्बोलिक आम्लासारखी जंतुनाशके जंतूंबरोबर जिवंत ऊतीही जाळत. 1915 मध्ये हेन्री डेकिन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने सुमारे 0.5 टक्के हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण सुचवले. फ्रेंच शल्यविशारद अलेक्सी कॅरेल यांनी काँपिएन्यच्या रुग्णालयात रबरी नळ्यांवाटे ते ठरावीक अंतराने जखमेत खोलवर सोडण्याची पद्धत बसवली. औषधाइतकेच महत्त्व या सततच्या धुण्याला होते.

दंतवैद्यक तेव्हा वेगळ्याच वादळात सापडले होते. 1910 मध्ये मॉन्ट्रियल येथील व्याख्यानात विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने तोंडातील जंतुसंसर्गावर सर्वांगाच्या व्याधींचे खापर फोडले. परिणामी पुढची काही दशके वाचण्याजोगे असंख्य दात सरसकट उपटले गेले. मुळाची नलिका खरोखर निर्जंतुक करता येते, हे दाखवल्याशिवाय रूट कॅनालला भवितव्य नव्हते.

1936 मध्ये वॉकर यांनी नलिका धुण्यासाठी क्लोरीनयुक्त द्रावणाचा पुरस्कार केला. 1941 मध्ये अमेरिकेत लुई ग्रॉसमन यांनी ते मृत दंतमज्जा विरघळवते हेही दाखवले. हा गुण निर्णायक ठरला. नलिकेच्या फाट्याफुट्यांत बारीक कानस पोहोचत नाही; तिथे अडकलेली मज्जा म्हणजे जंतूंचा शिधाच. पुढे आलेले क्लोरहेक्सिडिन जंतू मारते, पण मज्जा विरघळवत नाही.

तरी ठोस पुरावा मिळायला 1980 चे दशक उजाडले. स्वीडनमधील बायस्ट्रॉम आणि सुंडक्विस्ट यांनी आधी केवळ मिठाच्या पाण्याने नलिका धुऊन पाहिल्या. जंतू पुष्कळ घटले, पण काही दातांत वारंवार उपचार करूनही ते टिकून राहिले. 0.5 टक्के हायपोक्लोराइटने निकाल स्पष्टपणे सुधारला. 1985 च्या अभ्यासात 5 टक्के द्रावण त्याहून सरस ठरले नाही!

तीव्र द्रावण मज्जा लवकर विरघळवते, मात्र मुळाच्या टोकाबाहेर गेले तर भयंकर वेदना आणि सूज येते. म्हणूनच डेकिनचे 0.5 की 5.25 टक्के, हा वाद दंतवैद्यांत अजून चालू आहे.