स्वमग्नतेचा अभ्यास आणि विद्यार्थ्याचे विद्यावेतन

२०१४ सालचा पावसाळा. मी भौतिकशास्त्रात पीएचडी करत होतो आणि शेजारच्या इमारतीतील माझी एक मैत्रीण स्वमग्न मुलांच्या नजरेचा अभ्यास करत होती. समोरच्या चेहऱ्याकडे पाहताना मूल डोळ्यांकडे किती वेळ पाहते, ओठांकडे किती वेळ, आणि वय वाढते तसा त्यात काय फरक पडतो, हा तिचा प्रश्न. आम्हा दोघांनाही कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती होती, दरमहा १६,००० रुपये, आणि दोघांच्याही खात्यात ती कित्येक महिने जमा झालेली नव्हती. माझे त्याने फारसे बिघडले नाही. माझा स्फटिक बंद काचपात्रात पडून होता. सहा महिन्यांनी बाहेर काढला तरी तोच स्फटिक होता. तिला मात्र कुटुंबांकडे जाण्याचा प्रवासखर्च खिशातून करावा लागे. तो परवडेनासा झाला, फेऱ्या थांबल्या आणि दोन वर्षांची मुले दरम्यान अडीच वर्षांची झाली. ठरलेल्या वयातले मोजमाप एकदा हुकले की ते कायमचे हुकते.

तिची पाठ्यवृत्ती कागदोपत्री ‘जीवविज्ञाना’ची होती. सीएसआयआरच्या राष्ट्रीय परीक्षेत विषय पाचच: रसायन, भू, जीव, गणित आणि भौतिक. मानसशास्त्राची वाट यूजीसीकडून जाते, वैद्यकाची आयसीएमआरकडून. स्वमग्नतेचा अभ्यास करू पाहणाऱ्याला जनुकशास्त्र, भाषाविज्ञान, बालरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र या सगळ्यांशी संबंध ठेवावा लागतो. पण अर्जावर खूण एकाच चौकटीत करता येते.

या अडचणीचे मूळ पाठ्यवृत्तीच्या नियमांपेक्षा जुने आहे. लिओ कॅनर यांनी बाल्टिमोर येथे अकरा मुलांची निरीक्षणे प्रसिद्ध केली ती १९४३ साली. त्यानंतर बावन्न वर्षांनी, १९९५ मध्ये, भारताने अपंग व्यक्तींसाठी कायदा केला. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार नोंदले गेले. स्वमग्नता त्यांत नव्हती. दिल्लीत मेरी बरुआ यांनी पालकांच्या पुढाकाराने ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था १९९१ मध्येच उभी केली होती, म्हणजे पालक कायद्याच्या पुढे होते. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नतेचे नाव आले खरे. परंतु २०११च्या जनगणनेत तिच्यासाठी स्वतंत्र रकाना नव्हताच. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार एकवीस केले, तेव्हा ती यादीत आली. ज्या अवस्थेची मोजदादच होत नाही, तिच्यासाठी संशोधक तयार करण्याकरिता वेगळा पैसा मागायचा तरी कोणत्या आकड्यांच्या बळावर?

अमेरिकेत हा प्रश्न पालकांनी आपल्या हाती घेतला. १९९४ आणि १९९५ साली तेथे पालकांनी स्वमग्नतेच्या संशोधनासाठी दोन संस्था स्थापन केल्या. त्यांपैकी ‘क्युअर ऑटिझम नाऊ’ने शास्त्रज्ञांची वाट न पाहता कुटुंबांचे रक्तनमुने गोळा करून जनुकीय संग्रह उभारला आणि तो संशोधकांना खुला केला. २००५ मध्ये आपल्या नातवाच्या निदानानंतर बॉब आणि सुझान राइट यांनी ‘ऑटिझम स्पीक्स’ स्थापन केली. आधीच्या दोन्ही संस्था पुढे तिच्यात विलीन झाल्या. याच संस्थेने बँकर डेनिस वेदरस्टोन यांच्या नावाने पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी खास पाठ्यवृत्ती सुरू केली. तरुण संशोधक घडणीच्या वर्षांत या विषयाकडे वळला, तर पुढची तीस वर्षे तो येथेच राहण्याची शक्यता अधिक, असा त्यामागचा सरळ हिशेब होता.

पण पैसा पालकांचा असला की प्रश्नही पालकांचे येतात, आणि ते नेहमीच योग्य असतात असे नाही. अँड्र्यू वेकफिल्ड यांनी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये बारा मुलांवरील जो निबंध छापला, त्यातून लस आणि स्वमग्नता यांच्या संबंधाची भीती पसरली. मोठमोठ्या पाहण्यांत तसा संबंध आढळला नाही. तरीही निधीतला काही भाग त्याच प्रश्नावर खर्च व्हावा, असा आग्रह चालूच राहिला. ‘ऑटिझम स्पीक्स’च्या पदाधिकारी आणि स्वतः एका स्वमग्न मुलीची आई असलेल्या ॲलिसन सिंगर यांनी याच मुद्द्यावर २००९च्या जानेवारीत राजीनामा दिला. त्याच वर्षी त्यांनी ‘ऑटिझम सायन्स फाउंडेशन’ स्थापन केले आणि निधी देताना पीएचडीच्या व पीएचडीनंतरच्या तरुण संशोधकांवर भर दिला. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने तो निबंध मागे घेतला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत शहाणा निर्णय सिंगर यांचा होता: एका लाडक्या उत्तरावर पैसा लावण्याऐवजी नवे प्रश्न विचारू शकतील अशा माणसांवर तो लावणे.

त्या पैशाचा एक ओहोळ आपल्याकडेही आला. गोव्यातील ‘संगत’ ही संस्था आणि रावळपिंडीतील संशोधक यांनी मिळून एक चाचणी केली. तज्ज्ञ नसलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलांशी संवाद साधण्याची पद्धत शिकवायची आणि तिचा परिणाम मोजायचा, अशी ती कल्पना. पासष्ट मुलांवरील या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’मध्ये आले, पालकांच्या संवादपद्धतीत स्पष्ट सुधारणा दिसली होती. खर्च ‘ऑटिझम स्पीक्स’चा. दोन शेजारी देशांचे सरकारी पैशांवर असे एकत्र काम झाले असते का, हा विचार मनात येतोच.

आपल्याकडे क्षमता नाही, असे मात्र मुळीच नाही. बंगळुरूच्या निम्हान्स आणि एनसीबीएसमधील संशोधकांचा फ्रॅजाइल एक्सवरील २००७च्या महत्त्वाच्या कामात सुसुमू तोनेगावा यांच्या बरोबरीने वाटा होता. स्वमग्नतेच्या ज्ञात एकजनुकीय कारणांत फ्रॅजाइल एक्सचे स्थान वरचे आहे. पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा येथील सुमारे चार हजार मुलांची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा आठांपैकी जवळजवळ एका मुलात मेंदूच्या विकासाशी निगडित अशी कोणती ना कोणती अडचण आढळली. स्वमग्नता हा त्यातला एक भाग. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली चाळीस प्रश्नांची भारतीय मापनश्रेणी आज प्रमाणपत्रासाठी वापरली जाते.

अडते ते काळाच्या मापावर. मार्गदर्शकाच्या प्रकल्पातून विद्यार्थ्याला मिळणारे वेतन बहुधा तीन वर्षांचे असते आणि प्रकल्प संपला की तेही संपते. सीएसआयआरची पाठ्यवृत्ती पाच वर्षांची. दीड वर्षाच्या मुलांना अभ्यासात घेऊन ती शाळेत जाईपर्यंत पाहायचे, तर परवानग्या, कुटुंबांचा विश्वास, मराठीत किंवा ओडियात चाचणीचे प्रमाणीकरण, हे सारे त्याच पाच वर्षांत बसवावे लागते. म्हणून विद्यार्थी उंदराकडे वळतो. उंदीर काही आठवड्यांत प्रौढ होतो. ते कामही हवेच. पण मराठी बोलू लागणाऱ्या मुलाविषयी उंदीर काही सांगणार नाही.

विद्यावेतन वाढत गेले: २०१४च्या ऑक्टोबरपासून २५,०००, २०१९पासून ३१,०००, २०२३पासून ३७,००० रुपये. प्रत्येक वाढीआधी विद्यार्थ्यांना रस्त्यावर यावे लागले. २०१९च्या जानेवारीत दिल्लीत मंत्रालयाबाहेर जमलेल्यांत माझे काही सहकारी होते. रकमेबद्दलची लढाई निदान दिसते तरी. ती रक्कम ठरल्या तारखेला हाती पडावी आणि काही विषयांत तिची मुदत सात वर्षांची असावी, या मागण्यांसाठी मात्र घोषणा सापडत नाही.

माझ्या मैत्रिणीने अखेर वयानुसार बदलाचा प्रश्न सोडून दिला. प्रत्येक मुलाचे एकच मोजमाप पुरेल असा दुसरा प्रश्न तिने घेतला आणि त्यावर प्रबंध पूर्ण केला. चांगला झाला. पहिल्या दोन वर्षांच्या नोंदी तिच्या जुन्या हार्डडिस्कवर आहेत, आणि त्यातली मुले आता मोठी झाली असतील.