परवलीच्या शब्दापासून मुखत्यारपत्रापर्यंत

रात्रीं किल्ल्याच्या दरवाजावर परवलीचा शब्द विचारीत, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. संगणकाच्या दारावरही पहिली चौकी अशाच शब्दाची बसली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत १९६१ सालीं फर्नांदो कोर्बातो यांनीं एकच यंत्र अनेकांनीं वांटून वापरण्याची योजना दाखविली. तींत प्रत्येकाचें दप्तर निराळें राहावें म्हणून ज्याला त्याला पासवर्ड देण्यांत आला. परंतु १९६२ सालीं तेथील ॲलन शेर या संशोधकानें, आपल्या वांट्याचा वेळ पुरेना म्हणून, सर्वांच्या पासवर्डांची यादीच छापून घेतली! गुप्त शब्द जितक्या ठिकाणीं ठेवावा तितका तो फुटण्याचा संभव वाढतो, हा धडा तेव्हांच मिळाला होता.

ई-मेलनें मात्र तो मनावर घेतला नाहीं. दूरच्या यंत्रावर सांठलेलीं पत्रें आपल्या यंत्रावर उतरवून घेण्याची ‘पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल’ ही पद्धति १९८४ सालीं जॉइस रेनॉल्ड्स यांनीं लिहून प्रसिद्ध केली. तींत प्रोग्रॅमनें आधीं नांव सांगावयाचें व मग पासवर्ड. तोही पोस्टकार्डावरील मजकुरासारखा उघडा. १९८८ सालीं इलिनॉय विद्यापीठांत स्टीव्ह डॉर्नर यांनीं ‘युडोरा’ हा टपालाचा प्रोग्रॅम रचला, २००४ सालीं ‘थंडरबर्ड’ची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली, आणि पत्रव्यवहार स्वतःच्या घरीं जपून ठेवण्याची सोय सामान्य माणसास लाभली. पुढें वाटेवरचें बोलणें सांकेतिक लिपींत झांकलें गेलें. पण मूळ पासवर्ड प्रोग्रॅमच्या हातीं देण्याची रीत राहिलीच. तो चोरास सांपडला कीं सारें खातेंच त्याचें.

यावर उपाय म्हणून ऑक्टोबर २०१२ मध्यें ‘ओऑथ २.०’ ही पद्धति प्रसिद्ध झाली. तिची तुलना मुखत्यारपत्राशीं करितां येईल. मालक आपल्या तिजोरीची किल्ली कारकुनास देत नाहीं. अमुक एक काम करण्याचा लेखी अधिकार देतो. तसेंच येथें आपण टपाल-कंपनीच्याच पानावर ओळख पटवितों, लागल्यास फोनवरील दुसरा पुरावाही देतों, आणि कंपनी प्रोग्रॅमला मर्यादित अधिकाराचें एक टोकन देते. प्रोग्रॅमला पासवर्ड कळत नाहीं, आणि तो अधिकार वाटेल तेव्हां रद्द करितां येतो.

गूगलनें खाजगी खात्यांसाठीं जुनी रीत ३० मे २०२२ पासून बंद करण्यास आरंभ केला. मायक्रोसॉफ्टनें आपल्या व्यावसायिक टपालसेवेंत १ ऑक्टोबर २०२२ पासून तेंच केलें. थंडरबर्ड जीमेलपुरती ही नवी रीत २०१५ सालींच शिकला होता. युडोराचें काम २००६ सालींच थांबल्यामुळें तो दाराबाहेर राहिला. अशा प्रोग्रॅमांसाठीं गूगलनें सोळा अक्षरांच्या वेगळ्या पासवर्डाची पळवाट तेवढी ठेविली.

दार बंद झालें म्हणून घरांत उतरवून घेतलेलीं जुनीं पत्रें कांहीं नाहींशीं होत नाहींत. प्रथम त्यांची एक प्रत निराळी काढून ठेवावी, मग प्रोग्रॅमची नवी आवृत्ति घ्यावी आणि खात्याच्या मांडणींत ‘ओऑथ २’ निवडावें. मात्र एक गोष्ट विसरूं नये. कोणत्या प्रोग्रॅमला आंत घ्यावयाचें याची नोंदणी आतां कंपनीच्या दफ्तरीं होते. चोरापासून संरक्षण लाभलें हें खरें. परंतु पूर्वीं आपल्या हातीं असलेल्या निवडीचा कांहीं भाग द्वारपालाकडे गेला. म्हणूनच पत्रांची एक प्रत नेहमीं आपल्या घरीं असावी.