आरोग्यपच्चा

केरळ-तमिळनाडू सीमेवरील अगस्त्यमलई डोंगररांगेत, ओढ्याकाठच्या दाट सावलीत वाढणारी लहान बहुवर्षायू वनस्पती. शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस, उपजाती त्रावणकोरिकस. कुल डायोस्कोरिएसी, म्हणजे आपल्या कोनफळाचेच. ही जाती श्रीलंकेत आणि मलेशियातही आढळते. पण थकवा घालवणारी वनस्पती म्हणून तिची ख्याती झाली ती तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील काणी आदिवासींमुळे.

डिसेंबर 1987 मध्ये अखिल भारतीय समन्वित लोकजीवशास्त्र प्रकल्पाचे पथक पी. पुष्पांगदन यांच्या नेतृत्वाखाली या डोंगरांत फिरत होते. चढणीवर शास्त्रज्ञ दमले, वाटाडे काणी तरुण मात्र ताजेतवाने होते. ते अधूनमधून कसली तरी फळे खात होते. विचारल्यावर त्यांनी आधी सांगायचे टाळले. हे ज्ञान जमातीचे होते आणि परक्याला द्यायचे नाही असा दंडक होता. गैरवापर होणार नाही असा शब्द मिळाल्यावरच त्यांनी झाड दाखवले. पुढची सगळी कथा या शब्दाभोवती फिरते.

प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि फळांऐवजी पानांवर काम सुरू झाले. पालोड येथील उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने या पानांत अश्वगंधा, पिंपळी आणि विष्णुक्रांता मिसळून ‘जीवनी’ हे शक्तिवर्धक तयार केले. 1990 च्या दशकाच्या मध्यात त्याचे उत्पादनहक्क कोइंबतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला सात वर्षांसाठी मिळाले. परवाना शुल्क 10 लाख रुपये आणि विक्रीवर 2 टक्के स्वामित्वधन ठरले. यातला निम्मा वाटा काणींना देण्याचा निर्णय संस्थेने घेतला. तशी सक्ती करणारा कायदा तेव्हा देशात नव्हता, म्हणून या निर्णयाचे मोल मोठे आहे. पैसे स्वीकारायला नोंदणीकृत मंडळ हवे होते. 1997 मध्ये काणी समुदाय क्षेम न्यास स्थापन झाला आणि 1999 मध्ये सुमारे 5 लाख रुपये त्याच्या खात्यावर आले.

लाभवाटपाचा आदर्श नमुना म्हणून हे उदाहरण जगभर सांगितले जाते. त्यातली उणीव मात्र तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. परवान्याच्या करारात काणी पक्षकारच नव्हते. त्यांचा वाटा दुसऱ्यांनी ठरवला. वाटाड्यांचे म्हणणे म्हणजे साऱ्या जमातीची संमती नव्हे. औषधविद्या परंपरेने सांभाळणाऱ्या ‘प्लाथी’ वैद्यांपैकी काहींनी हे ज्ञान खासगी कंपनीकडे जाण्याला उघड विरोध केला होता. वेगवेगळ्या पंचायतींतल्या पाड्यांचेही एकमत नव्हते. त्यातच पानांची मागणी वाढल्यावर झाडे मुळासकट उपटली जाऊ लागली आणि वनखात्याने लागवड व तोडणीवर हरकत घेतली. परिणामी ज्यांच्या ज्ञानावर औषध उभे राहिले त्यांनाच त्या झाडाची पाने विकता येईनात. ही गोष्ट पैशांच्या वाटपापेक्षा गंभीर होती.

पुढे जैवविविधता कायदा 2002 आला आणि लाभवाटप कायद्याने बंधनकारक झाले. 2023 च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना त्यातून सूट दिली. काणींचे ज्ञान मौखिक; वारली, कोरकू, कातकरी यांच्या भगत-भूमकांचेही बव्हंशी तसेच. त्यामुळे तेच ज्ञान कुठल्या ग्रंथात आधीपासून असल्याचे दाखवले, की मूळ जाणकारांचा हक्क डावलला जाण्याची भीती आहे. गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांत काय लिहायचे आणि काय राखून ठेवायचे, हे म्हणूनच त्या जाणकारांना विचारून ठरले पाहिजे.

वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3 मध्ये जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावरचा सामूहिक हक्क मान्य केलेला आहे. महाराष्ट्रातील ग्रामसभांनी जमीन आणि गौण वनोपजाच्या दाव्यांबरोबर हा दावाही लेखी नोंदवावा.