घरचा पाना आणि कंपनीची वॉरंटी

पुणे जिल्ह्यात दुचाकीची देखभाल घरीच करण्याची रीत रुजली ती स्कूटरबरोबर. बजाजला दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा सरकारी परवाना १९५९ साली मिळाला. पियाजिओशी झालेल्या करारानुसार व्हेस्पा तयार होऊ लागल्या आणि तो करार १९७१ मध्ये संपल्यावर पुढच्याच वर्षी चेतक आली. फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची लूनाही १९७२ चीच. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. इतक्या प्रतीक्षेनंतर दारात आलेली गाडी जपणे ही घरातल्या सगळ्यांचीच जबाबदारी होऊन बसे.

यंत्रही या कामाला सोयीचे होते. टू-स्ट्रोक इंजिनाच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे, त्यामुळे प्लगवर काजळी धरे. प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, गॅप बघायचा आणि पुन्हा बसवायचा, हे काम घरातली शाळकरी मुलेही शिकत. काजळीने चोंदलेला सायलेन्सर मोकळा करणे, क्लचची तुटलेली केबल बदलणे, पंक्चर झाल्यावर स्टेपनी चढवणे, यासाठी डिकीतला पाना आणि स्क्रू ड्रायव्हर पुरत. सुटे भाग नाना पेठेत मिळत. वॉरंटीचा प्रश्न तेव्हा क्वचितच उभा राही, कारण गाडीच्या दीर्घ आयुष्यात तिची मुदत अगदीच थोडी असे.

हे गणित बदलले फोर-स्ट्रोक मोटारसायकलींनी. हीरो होंडाची सीडी १०० ही १९८५ मध्ये आली, बजाजची पल्सर २००१ मध्ये. वॉरंटीच्या मुदती पुढे वाढत गेल्या आणि गाडीबरोबर मिळणाऱ्या सर्व्हिस बुकाला वजन आले. त्यातल्या फ्री सर्व्हिसिंगच्या कूपनांवर मजुरी माफ होई, ऑइल आणि भागांचे पैसे मात्र मालकच भरी. मजुरीच्या सवलतीपेक्षा अधिकृत वर्कशॉपचा शिक्का मोलाचा ठरला, कारण गाडीची निगा राखली गेली याचा पुरावा म्हणून तोच धरला जाऊ लागला. ज्या मालकाने स्वतः वेळेवर ऑइल बदलले, त्याच्याकडे असा शिक्का नव्हता. घरचे काम आणि वॉरंटी यांच्यातला खरा पेच इथून सुरू झाला.

लवासाचा रस्ता याच पिढीच्या मोटारसायकलींनी गजबजला. चांदणी चौकातून पिरंगुटमार्गे टेमघरचा घाट चढून वरसगावच्या जलाशयाकाठी दासवेला उतरताना ब्रेक आणि क्लच यांची परीक्षा होते. मुळशीचा पाऊस चेनवरचे वंगण धुऊन काढतो. सर्व्हिसिंगचे वेळापत्रक किलोमीटर आणि महिन्यांवर बेतलेले असते, त्याला घाट आणि पाऊस कळत नाही. म्हणून चेन साफ करून तिला ऑइल देणे, तिचा ताण तपासणे, ब्रेकचे पॅड बघणे आणि टायरमधील हवा मोजणे ही कामे मालकाकडेच राहिली, आणि तेच योग्य आहे. चेन, ब्रेक शू, प्लग, केबल यांसारखे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत धरलेच जात नाहीत. वॉरंटी असते ती निर्मितीतल्या दोषाला. त्यामुळे या दोन गोष्टींचा संघर्ष वाटतो तितका मोठा नाही. वॉरंटी धोक्यात येते ती जादा दिवे आणि हॉर्न लावण्यासाठी वायरिंग कापल्याने, सायलेन्सर बदलल्याने किंवा ठरलेल्या सर्व्हिसिंग चुकवल्याने.

एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-६ निकष लागू झाले. कार्बोरेटरची जागा बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शनने घेतली आणि दोष शोधायला स्कॅनर लागू लागला. घरच्या पान्याची हद्द त्यामुळे आक्रसली, तरी झिजणारे भाग तिच्या आतच राहिले.

ग्राहकाच्या बाजूने आवाज उठवण्याचे कामही पुण्यातच उभे राहिले होते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये येथे ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये झाला. अमेरिकेने त्याआधी, १९७५ मध्येच, ठरावीक कंपनीचा भाग किंवा सेवा विकत घेण्याच्या अटीवर वॉरंटी बांधून ठेवण्यास कायद्याने सर्वसाधारण मनाई केली होती. भारतात या प्रश्नाला थेट हात घातला तो भारतीय स्पर्धा आयोगाने. २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात आयोगाने १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, सदोष दुरुस्तीमुळे झालेल्या नुकसानीपुरतीच ती नाकारता येईल, असे त्यात म्हटले होते. आदेश चारचाकींच्या कंपन्यांविषयी होता, दुचाकींना तो आपोआप लागू होत नाही. तरीही नुकसान आणि त्याचे कारण यांची सांगड घालण्याचे त्यातले तत्त्व न्याय्य आहे आणि दुचाकीलाही तेच शोभते. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश झाला.

व्यवहारात मात्र सर्व्हिस बुकात छापलेल्या अटी आधी वाचाव्या लागतात. कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल वापरणे, त्याची तारखेची पावती आणि किलोमीटरची नोंद ठेवणे, फ्री सर्व्हिसिंग अधिकृत वर्कशॉपमध्येच करून घेणे, एवढे सांभाळल्यास वाद झाला तरी मालकाच्या हाती कागद असतो. दावा नाकारताना कंपनीकडून कारण लेखी मागून घ्यावे. २०१९ च्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली. गाडी दुसऱ्या जिल्ह्यात घेतलेली असली तरी मुळशीतल्या रहिवाशाला पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, आणि दोष निर्मितीचा की देखभालीचा हे ठरवण्यासाठी आयोग तो भाग प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो.