बंद पडलेल्या भट्टीची किंमत

या शनिवारचा विषय जरा 'ओला' आहे. दारूचं नाव काढताच ज्यांच्या कपाळावर आठ्या पडतात त्यांनी हा लेख इन्व्हेंटरी मॅनेजमेंटवरचा आहे असं समजून वाचावा. खरं सांगायचं तर तो आहेही तसाच.

२००१ साली डियाजिओ कंपनीने पोर्ट एलन नावाच्या सिंगल माल्टच्या ६००० बाटल्या बाजारात आणल्या. १९७९ साली गाळलेली, २२ वर्षं पिंपात मुरलेली व्हिस्की. किंमत शंभर पौंडांच्या आसपास. त्यानंतर दरवर्षी अशी एक खेप येत गेली. २०१७ साली सतरावी खेप आली तेव्हा व्हिस्की ३७ वर्षांची झाली होती आणि बाटलीची किंमत ३२५० पौंड. बाटल्या जमवणारे लोक (हो, असे लोक असतात, त्यातले बरेच जण बूच उघडतही नाहीत) त्यावर तुटून पडले.

आता गंमत बघा. ही व्हिस्की बनत होती तेव्हा तिला बाटलीवर स्वतःचं नाव मिळणंही मुश्किल होतं. ती ब्लेंडमध्ये जायची. ब्लेंड म्हणजे आपल्याकडे 'स्कॉच' म्हणून मिरवते ती, अनेक डिस्टिलऱ्यांचे माल्ट आणि स्वस्तातली ग्रेन व्हिस्की एकत्र करून केलेली. पोर्ट एलनचं काम त्यात थोडा धूर घालायचा, एवढंच. मिसळीतल्या मोहरीला कोणी वेगळं नाव देतं का? तसंच.

मग ती एवढी मौल्यवान कशी झाली? कारण १९८३ च्या मे महिन्यात डिस्टिलरी बंद पडली. आणि ती का बंद पडली, हा भाग मला त्या बाटलीपेक्षा जास्त चढतो.

आधी थोडा भूगोल. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आयला नावाचं बेट आहे (स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार आयला असाच, आपल्याला वेगळंच काही आठवतं, पण असो). वस्ती साधारण तीन हजार. झाडं कमी, वारा फार, आणि जमिनीत पीट. पीट म्हणजे हजारो वर्षं दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचा थर. तो विटांसारखा कापून, वाळवून जाळतात. बार्लीला मोड आणायचे, अगदी आपण मटकीला आणतो तसे, आणि ते या पीटच्या धुरावर सुकवायचे. आयलाच्या व्हिस्कीला तो धुराचा आणि काहींच्या मते दवाखान्याचा वास येतो, तो इथून.

बेटाच्या दक्षिण टोकाला पोर्ट एलन गाव. डिस्टिलरी १८२५ सालची. १८३० च्या दशकात जॉन रॅमसे या माणसाच्या हातात आली आणि त्याने ती नावारूपाला आणली. पुढे ती 'डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड' म्हणजे डीसीएल या अवाढव्य कंपनीकडे गेली आणि १९२९ मध्ये बंद पडली. पहिल्यांदा. तब्बल अडतीस वर्षांनी, १९६७ साली, दोनाच्या चार स्टिल करून (स्टिल म्हणजे गाळायचे तांब्याचे प्रचंड हंडे) पुन्हा सुरू झाली. १९८० च्या ऑगस्टमध्ये खुद्द राणी एलिझाबेथ भेट देऊन गेली. त्यानिमित्त खास बाटलीही काढली होती. राणी येऊन गेली आणि तीन वर्षांच्या आत कुलूप! सरकारी पाहुणे येऊन गेल्यावर रस्त्याचं जे होतं, ते आपल्याला माहीतच आहे.

तर कुलूप का लागलं? व्हिस्की वाईट होती म्हणून नाही.

कायद्याने स्कॉच निदान तीन वर्षं पिंपात राहावी लागते. चांगली म्हणवणारी दहा-बारा वर्षं राहते. म्हणजे आज किती गाळायची हे ठरवताना तुम्ही बारा वर्षांनंतरचं गिऱ्हाईक डोळ्यांसमोर आणत असता. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना दोन आठवड्यांचा अंदाज सांगताना घाम फुटतो आणि दोनाचे सहा होतात. इथे बारा वर्षं! एमआयटीमध्ये १९६० च्या दशकात 'बिअर गेम' नावाचा एक खेळ निघाला, मॅनेजमेंटच्या मुलांना अजूनही खेळायला लावतात. माल मागवणं आणि माल हातात येणं यात नुसत्या दोनचार आठवड्यांचं अंतर ठेवलं, तरी शहाणीसुरती माणसं आधी भरमसाट मागवतात आणि नंतर गोदाम भरलं की एकदम हात आखडतात. व्हिस्कीचा धंदा म्हणजे तोच खेळ, फक्त एका चालीला दशक लागतं.

१९६० च्या दशकात अमेरिकेत स्कॉच धो धो खपत होती. ती रेघ तशीच वर जाणार असं धरून सगळ्यांनी भट्ट्या वाढवल्या. डीसीएलने आयलावरचीच आपली दुसरी डिस्टिलरी, कूल ईला, पाडून नवीन बांधली. १९७४ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिच्यात सहा स्टिल होत्या. १९७३ मध्ये पोर्ट एलनमध्ये बार्लीला मोड आणणारे प्रचंड फिरते ड्रम बसवले. आणि नेमका १९७३ सालीच तेलाचा झटका बसला. मग मंदी आली. त्यातच तरुण पिढी बापाची स्कॉच सोडून व्होडका आणि व्हाइट वाइनकडे वळली. पण भट्टीला कुठे ते ठाऊक? ती गाळतच राहिली. ऐंशीच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या गोदामांत न खपणाऱ्या दारूचा साठा इतका झाला की त्याला 'व्हिस्की लॉक' म्हणजे व्हिस्कीचं तळं असं नाव पडलं.

१९८३ मध्ये डीसीएलने एका झटक्यात अकरा माल्ट डिस्टिलऱ्या बंद केल्या. १९८५ मध्ये आणखी दहा. आयलावर कंपनीच्या तीन होत्या: लागावूलिन, कूल ईला, पोर्ट एलन. धुराचा माल्ट तिघींकडून येत होता, गरज तेवढी उरली नव्हती, आणि कूल ईला नवी आणि मोठी. हिशेब सोपा होता. पोर्ट एलन गेली.

त्या अकरांचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. इन्व्हरनेसमधल्या ग्लेन ॲल्बिन आणि ग्लेन मोर १९८६ मध्ये पाडून तिथे दुकानं आली. लिनलिथगोच्या सेंट मॅग्डालेनमध्ये फ्लॅट झाले. डॅलस धू म्युझियम झाली. नॉकडू आणि बेनरोमॅक नशीबवान, दुसऱ्यांनी विकत घेऊन चालू केल्या. हे वाचताना गिरणगाव आठवल्याशिवाय कसं राहील? संप १९८२ चा, आणि पुढे गिरण्यांच्या जागी मॉल. कारणं अगदी निराळी, पण भोंगा बंद झाल्यावर गल्लीत जी शांतता पसरते ती सारखीच असणार.

मी २००९ च्या ऑगस्टमध्ये ऑनसाइट असताना ग्लासगोहून बस आणि मग केनाक्रेगची बोट पकडून आयलाला गेलो होतो. बोट दोन-सव्वादोन तासांची. बोटीवर निम्मे लोक माझ्यासारखेच तीर्थयात्री, फक्त जर्मन आणि स्वीडिश. बंदरातून पूर्वेला चालायला लागलं की तीन-चार मैलांत लफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग ओळीने लागतात, त्यामुळे सगळी गर्दी तिकडे. पोर्ट एलनच्या पांढऱ्या गोदामांसमोर मी एकटाच उभा होतो. भिंतीवर काळ्या ठळक अक्षरांत गावाचं नाव, मागे समुद्र. आणि बंद पडलेल्या जागेला येऊ नये असा ताजा पीटचा वास! कारण शेजारचा मोड आणायचा कारखाना चालू होता.

तो टिकला याचं श्रेय १९८७ च्या एका कराराला आहे. आयला आणि शेजारच्या जुरा बेटावरच्या डिस्टिलऱ्यांनी ठरवलं की आपल्याला लागणारा काही माल्ट पोर्ट एलनच्या ड्रममधूनच घ्यायचा. एकमेकींच्या स्पर्धक कंपन्या, पण तो कारखाना गेला तर बेटावरचे रोजगार जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. संग्राहकांच्या पुस्तकांत पोर्ट एलनवर पानंच्या पानं असतात, त्यात या कराराला एखादी ओळ मिळते. मला विचाराल तर त्या गावाच्या इतिहासातला तो मोठा प्रसंग.

आता बाटल्यांकडे वळू. डिस्टिलरी बंद झाली तरी पिंपं गोदामात होतीच. ती ब्लेंडसाठी भरलेली, म्हणून बरीचशी जुनी, अनेकदा वापरलेली. गंमत अशी की त्यामुळेच ती टिकली. नवं लाकूड असतं तर तीस वर्षांत व्हिस्कीला नुसती ओकच्या फळकुटाची चव आली असती. दमलेल्या पिंपाने तिला हळूहळू मुरू दिलं.

याच काळात चवही फिरली. इटलीत काही वेडे लोक साठ-सत्तरच्या दशकांपासूनच सिंगल माल्ट जमवत होते. सिल्व्हानो सामारोलीने तर १९६८ पासून त्याचाच धंदा केला. नव्वदच्या दशकात ते वेड जगभर पसरलं. डीसीएल १९८६ मध्ये गिनेसने गिळली होती, १९९७ मध्ये गिनेसची डियाजिओ झाली. नव्या मालकाच्या लक्षात आलं की आपल्या गोदामात एक असा माल आहे जो आता कोणीच बनवू शकत नाही.

शिवाय तो दरवर्षी घटतो. पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं, त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. चक्रवाढीने काढून बघा: ३७ वर्षांत निम्म्याहून जास्त गायब. त्यात मद्यार्क ४० टक्क्यांच्या खाली उतरला तर कायद्याने ती व्हिस्कीच राहत नाही. म्हणजे मालक वाट पाहतो तशी किंमत चढते, माल कमी होतो, आणि फार वाट पाहिली तर शून्य.

एकेकाळी अनेक डिस्टिलऱ्यांत कामगारांना कामाच्या वेळेतच ठरावीक घोट मिळायचा, त्याला ड्रॅम म्हणत. ही प्रथा सत्तरच्या दशकाच्या आसपास संपत गेली. १९८३ मध्ये नोकरी गेलेल्या माणसाने जी फुकट प्यायली असेल तिची बाटली आज त्याला परवडणार नाही. अंदाज चुकला कंपनीचा, नोकरी गेली त्याची, आणि उरलेल्या पिंपांचं सोनं झालं पुन्हा कंपनीचं. संग्राहकांवर माझा राग नाही. त्यांनी भाव दिला नसता तर ती पिंपं केव्हाच कुठल्यातरी ब्लेंडमध्ये ओतली गेली असती. पण 'दुर्मिळ' हा शब्द लेबलवर वाचला की मला ते तळं दिसतं.

त्या भावानेच पुढचा चमत्कार केला. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये डियाजिओने साडेतीन कोटी पौंड खर्चून पोर्ट एलन आणि ब्रोरा (हीसुद्धा त्याच अकरांपैकी) पुन्हा सुरू करायचं जाहीर केलं. ब्रोरा २०२१ मध्ये सुरू झाली, पोर्ट एलन २०२४ च्या मार्चमध्ये. जुन्या नकाशांवरून तंतोतंत तशाच तांब्याच्या स्टिल बनवल्या.

आणि टायमिंग बघा! स्कॉचची निर्यात २०२२ मध्ये ६२० कोटी पौंड होती, ती २०२४ मध्ये ५४० कोटींवर आली. लिलावातले भावही २०२२ नंतर उतरले. २०२३ च्या नोव्हेंबरात १९२६ ची एक मॅकॅलन सुमारे २२ लाख पौंडांना गेली ती गोष्ट वेगळी, ती बातमीसाठीच असते. स्कॉटलंडच्या गोदामांत सध्या सुमारे २ कोटी २० लाख पिंपं मुरत पडली आहेत.

मार्च २०२४ मध्ये गाळलेला माल कायद्याने व्हिस्की होणार २०२७ मध्ये. २००१ च्या त्या पहिल्या खेपेइतका, म्हणजे २२ वर्षांचा व्हायला २०४६ उजाडेल. आत्ता पोर्ट एलनमध्ये कोणीतरी एक्सेल शीट उघडून बसला असेल, आणि २०४६ च्या रकान्यात काहीतरी आकडा टाकत असेल.